दिवाळीचा किल्ला करण्याआधी मुलांना मुंबईतले किल्ले दाखवा

सहामाहीचा शेवटचा पेपर झाला की वसुबारसेपर्यंत मुलांच्या हाती मोजकेच दिवस उरतात. त्या दिवसांत आधी किल्ले बघायचे आणि मग चाळीच्या आवारात किल्ला करायचा, असा आमच्याकडचा क्रम आता ठरून गेला आहे. आम्ही दादरजवळच्या नायगावला राहतो. माझी सई आणि सुट्टीत डोंबिवलीहून येणारी माझ्या भावाची दोन मुलं, ओम आणि धाकटा निनाद, अशी तिघांची पलटण असते. मी परळच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे, रजा जपून वापरावी लागते. त्यामुळे चार दिवसांची मोठी सहल आमच्या हिशेबात बसत नाही, आणि तिची गरजही पडत नाही. लोकलच्या तिन्ही मार्गांवर किल्ले आहेत. शिवाय पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पाच ते बारा वयाला अर्धं तिकीट पुरतं.

“आत्या, किल्ले सह्याद्रीत असतात. मुंबईत कुठले?” असं ओमने सुरुवातीला विचारलं होतं. चौथीच्या इतिहासामुळे मुलांना रायगड-प्रतापगड पाठ असतात. मुंबईतले किल्ले लहान आहेत, बरेच पडके आहेत आणि बहुतेक इंग्रजांचे किंवा पोर्तुगीजांचे आहेत. हे घरूनच सांगून निघावं, म्हणजे तिथे गेल्यावर विरस होत नाही. आणि सोबत एकच प्रश्न द्यावा: हा किल्ला कुणाच्या धास्तीने बांधला? एवढा प्रश्न डोक्यात असला की पडक्या भिंतीतही मुलं रमतात. शत्रू कुठून येणार, तो आधी कुणाला दिसणार, तोफ कुठे असेल, हे ती स्वतःच शोधू लागतात. माहितीचं भाषण द्यावं लागत नाही.

आता तयारीचं. ऑक्टोबरचं ऊन मे महिन्यापेक्षा फसवं असतं, कारण पाऊस नुकताच गेलेला असतो आणि आपण टोपी-पाण्याचा विचारच करत नाही. सकाळी सातला घर सोडा आणि साडेअकरापर्यंत सावलीत या. नाहीतर सरळ चार वाजता निघा. मधली दुपार मुलांना उन्हात फिरवण्याची नाही. प्रत्येक मुलाच्या पाठीवर त्याची स्वतःची लिटरभर पाण्याची बाटली हवी. मी एक जास्तीची बाटली मीठ-साखरेच्या पाण्याची ठेवते: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, मोजूनच टाका. बडबडं मूल अचानक गप्प झालं, तोंड लाल झालं, डोकं दुखतंय म्हणालं, की बघणं तिथेच थांबवून सावलीत बसवा, मान आणि काखा ओल्या रुमालाने पुसा, घोट घोट पाणी द्या. तासाभरात तरतरी आली नाही, उलटी झाली किंवा मूल गुंगीत जातंय असं वाटलं, तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.

कपडे सुती, पण पूर्ण बाह्यांचे आणि लांब पँटचे. पावसाळ्यानंतर किल्ल्यांवर कमरेएवढं गवत असतं, पायऱ्यांवर शेवाळ असतं, खाचखळग्यांत पाणी साचलेलं असतं. ऑक्टोबरात डेंग्यूचे रुग्ण आमच्या वॉर्डात असतातच, म्हणून मुलांच्या हातापायांना मच्छर पळवणारं मलम लावूनच मी दाराबाहेर पडते. पायात बूट. काठीने गवत हलवत मोठ्या माणसाने पुढे चालायचं, मुलांनी मागे. भिंतीच्या फटीत हात घालायचा नाही. तिथे गांधीलमाश्यांचं पोळं असतं नाहीतर साप.

खाऊ घरचाच. फराळ अजून व्हायचा असतो, म्हणून सासूबाई थालीपिठं आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू देतात. वेफर्स नेऊ नका, तहान वाढते आणि पाणी लवकर संपतं. शौचाला स्टेशनवरच जाऊन या. किल्ल्यावर सोय मिळेल असं धरून चालू नका, विशेषतः मुली बरोबर असतील तर. रविवारी जाणार असाल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक बघून घ्या.

सुरुवात शीवपासून, म्हणजे सायनपासून करावी. सगळ्यात सोपा किल्ला तोच. मध्य रेल्वेच्या सायन स्टेशनवर पूर्वेला उतरलं की चालत दहा मिनिटं. पायथ्याला बाग आहे, टेकडी छोटी आहे, धाकटा निनादसुद्धा कडेवर न घेता चढतो. १६६९ ते १६७७ या काळात, जेराल्ड ऑंजियर मुंबईचा गव्हर्नर असताना, इंग्रजांनी तो बांधला. वर भिंती आणि काही पडक्या खोल्या आहेत, बाकी फारसं नाही. पण इथे मुलांना एक गोष्ट नीट कळते. त्यांना उत्तरेकडे तोंड करून उभं करा आणि सांगा: इंग्रजांची मुंबई इथे संपत होती, पुढे खाडी होती आणि खाडीपलीकडचं साष्टी बेट पोर्तुगीजांचं होतं. आज तिथे हायवे आणि इमारती दिसतात. खाडी कुठे गेली, हा पुढचा प्रश्न मुलं आपणहून विचारतात, आणि सात बेटं, भराव, रेल्वे हे सगळं ओघाने येतं. उतरल्यावर वेळ असला तर धारावीच्या कुंभारवाड्यात जा. दिवाळीच्या आधी तिथे गल्लीभर पणत्या वाळत असतात, चाकावरचं काम बघायला मिळतं, आणि पणत्यांची खरेदीही होते. काम चालू असताना मुलांनी मध्ये मध्ये करू नये, एवढं बजावून ठेवा.

माझ्या सगळ्यात आवडीचा किल्ला शिवडीचा. हार्बर मार्गावरच्या शिवडी स्टेशनच्या पूर्वेला, चालण्याच्या अंतरावर. शेजारी दर्गा आहे, त्यामुळे रस्ता विचारला तर कुणीही सांगतं. १६८० मध्ये इंग्रजांनी तो पुरा केला तो जंजिऱ्याच्या सिद्दीच्या धास्तीने. धास्ती खरी ठरली. १६८९ मध्ये सिद्दी याकूत खान फौज घेऊन उतरला आणि शिवडी त्याने घेतली. मुलांनी नकाशात मुरूडचा जंजिरा आधी बघितलेला असला, तर “एवढ्या लांबून आला?” हा प्रश्न हमखास येतो. मग समुद्राकडे बोट दाखवायचं. पाण्याची वाट किती मोकळी होती ते समोरच दिसतं.

या किल्ल्याचा दरवाजा मुलांना सावकाश दाखवा. बाहेरच्या दारातून आत गेलात की समोर भिंत येते, आणि आतलं दुसरं दार काटकोनात, बाजूला असतं. धावत आलेल्या फौजेला तिथे थबकून वळावं लागतं, हत्तीला दार फोडायला धाव मिळत नाही, आणि वळणाऱ्यांवर वरून मारा करता येतो. आम्ही हे प्रत्यक्ष करून बघतो. ओम बाहेरून धावत येतो, सई आत उभी राहून तो वळेपर्यंत आकडे मोजते. मग त्याला सरळ वाटेवर तेवढंच अंतर पळवायचं आणि पुन्हा मोजायचं. फरक मुलांना पायांनीच कळतो. आपल्या गडांचे गोमुखी दरवाजे याच कारणाने वळणाचे असतात, हे तिथेच सांगितलं की रायगडाचा महादरवाजाही समजतो. वही-पेन्सिल बरोबर असू द्या. प्रत्येक मुलाने फक्त दरवाजाचा आराखडा काढायचा, अख्ख्या किल्ल्याचा नाही. घरी किल्ला करताना हाच कागद कामाला येतो.

तटावरून खाली चिखलाची दलदल आणि कांदळवन दिसतं, आणि पलीकडे समुद्रात लांबच लांब गेलेला अटल सेतू. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला हा पूल जवळपास बावीस किलोमीटरचा आहे. फ्लेमिंगो मात्र दिवाळीत दाखवायचं कबूल करू नका. त्यांचे मोठे थवे हिवाळा पडल्यावर येतात, दिवाळीत बहुधा रिकामा चिखल दिसतो आणि मुलं हिरमुसतात. त्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीतली भरतीची वेळ बघून वेगळं या. आणि तटाच्या कडेला मुलांचा हात सोडू नका, खाली उतार फार तीव्र आहे.

शिवडीहून मुलं दमलेली नसतील तर तीन स्टेशनं पुढे डॉकयार्ड रोडला उतरा. भंडारवाड्याच्या टेकडीवरच्या जोसेफ बॅप्टिस्टा उद्यानात माझगावचा किल्ला होता. आज त्याचं काही उरलेलं नाही, कारण १६९० मध्ये परत जाताना सिद्दीने तो पाडला. बघायचं काय, तर वरून दिसणारी गोदी आणि जहाजं. टिळकांचे सहकारी काका बॅप्टिस्टा पुढे मुंबईचे महापौर झाले, त्यांचं नाव या बागेला आहे. डबा उघडायला ही जागा छान.

वरळीचा किल्ला संध्याकाळी करावा. वाट कोळीवाड्याच्या अरुंद गल्ल्यांतून जाते आणि निम्मी गंमत त्या वाटेतच आहे. जाळी विणणारे हात, नांगरलेल्या होड्या, दारातली मासळी. ही लोकांची घरं आहेत, विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही, आणि नाकाला रुमाल लावायचा नाही, हे मी मुलांना गल्लीच्या तोंडाशीच सांगते. किल्ला इंग्रजांचा, माहीमच्या उपसागरात शिरणाऱ्या जहाजांवर नजर ठेवायला बांधलेला. वर चढलं की वांद्रे-वरळी सी लिंक समोरच. त्याच पुलाच्या पलीकडच्या टोकाला वांद्र्याचा किल्ला आहे, पोर्तुगीजांचा, १६४० चा. तो इंग्रजांनी अर्धवट पाडला, कारण मराठ्यांनी वसईचा किल्ला घेतल्यावर ते हाही घेतील आणि तिथून मुंबईवर येतील ही भीती. वांद्र्याला वेगळा दिवस देऊ नका. दुसऱ्या काही कामाने बँडस्टँडला गेलात तर तासभर पुरे.

सीएसएमटीकडचा फेरफटका थोड्या मोठ्या मुलांसाठी आहे, दहा वर्षांच्या पुढच्या. ‘फोर्ट’ नावाच्या भागात फोर्ट कुठे आहे, हे त्यांना शोधायला लावा. तट १८६० च्या दशकात, बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना पाडला गेला. त्याला तीन दरवाजे होते: अपोलो गेट, बाजार गेट आणि चर्चगेट. सीएसएमटीहून बाजारगेटच्या रस्त्याने चालत हॉर्निमन सर्कलला या. सेंट थॉमस कॅथेड्रल बघा. चर्चगेट ज्या चर्चवरून म्हणतात ते हेच, १७१८ पासून उभं असलेलं. तिथून सरळ हुतात्मा चौक. फ्लोरा फाउंटन जिथे आहे, साधारण तिथेच चर्चगेटचा दरवाजा होता. शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक आहे, तिथे थांबून दोन शब्द सांगा. आणि मग प्रश्न: या तटाबाहेर १७४० च्या दशकात मोठा खंदक खणला, तो कुणाच्या धास्तीने? मराठ्यांच्या. वसई पडली तेव्हा मुंबईचे व्यापारी इतके हादरले की त्यांनी खंदकासाठी तीस हजार रुपये वर्गणी दिली. बॉम्बे कॅसल ही इंग्रजांची मूळ गढी एशियाटिक ग्रंथालयाच्या मागे नौदलाच्या तळात आहे, आत जाता येत नाही. पण त्या तळाचं नाव आयएनएस आंग्रे आहे. ज्या कान्होजींनी इंग्रजांच्या नाकी नऊ आणले, त्यांचं नाव इंग्रजांच्याच गढीवर! सईला हे इतकं आवडलं की ती रस्त्यात भेटेल त्याला सांगत होती.

एवढ्यातले दोन-तीन किल्ले वसुबारसेच्या आधी झाले की पुरे. आता हात मातीत घालायचे. आवारात जागा नसेल तर गॅलरीत जुन्या ट्रेमध्येही छान होतो. खाली विटा आणि दगड रचून उंची द्या. किल्ल्यावरून मात्र एक खडाही आणू नका. त्यावर गोणपाट मातीच्या पातळ काल्यात बुडवून पसरा, म्हणजे माती घसरत नाही. वरून चाळलेली लाल माती, नर्सरीत पोत्याने मिळते, पाणी मारत थापायची. डोंगराच्या उतारावर ओल्या मातीत हळीव किंवा मोहरी पेरा, वर हलकं पाणी शिंपडत राहा. हळीव तीन-चार दिवसांत हिरवं होतं, म्हणून धनत्रयोदशीला हिरवा डोंगर हवा असेल तर पेरणी त्याच्या चार-पाच दिवस आधी व्हायला हवी. तळ्यासाठी जुनी थाळी मातीत पुरा. पण त्यातलं पाणी रोज बदला, डासांना घर देऊ नका.

मावळे आणि महाराज दादरला मिळतात. ते आणायच्या आधी मुलांना दरवाजा पूर्ण करू द्या. वहीतला आराखडा समोर ठेवून दोन दारं काटकोनात बसवायची, मधला चौक मोकळा ठेवायचा. ओमने याच पद्धतीने केलेल्या दरवाजातून मावळे उभे करताना सगळ्यांचे हात अडकत होते. “म्हणजे बरोबर जमलंय,” असं तो म्हणाला, आणि खरंच बरोबर होतं. किल्ल्याशेजारी पाटी लावायची: नाव, बांधणारा, आणि कुणाच्या धास्तीने. बघायला येणाऱ्यांना माहिती मुलांनीच सांगायची. आपण मागे उभं राहायचं, मध्ये बोलायचं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना फिरायला नेऊ नका. रात्रभराच्या फटाक्यांचा धूर खाली बसलेला असतो, आणि ज्यांना दम्याचा त्रास आहे अशी मुलं त्या दिवशी आमच्याकडे नेब्युलायझरवर असतात.

वसई भाऊबीज उरकल्यावर. तिला अख्खी सकाळ द्यावी लागते, आणि तोवर ऊनही थोडं उतरतं. सकाळी दादरहून विरारची गाडी पकडा. गर्दी चर्चगेटकडे येत असते, त्यामुळे उलट दिशेला बसायला जागा मिळते. वसई रोडला पश्चिमेला उतरून किल्ल्याकडे महापालिकेची बस किंवा रिक्षा. नऊच्या आत पोचलात तर बारापर्यंत निवांत बघून होतो.

आतापर्यंत दुसऱ्यांची धास्ती बघितली, इथे उत्तर वेगळं येतं. पोर्तुगीजांनी एवढा प्रचंड तट उभा केला, आत चर्च, मठ, घरं असं अख्खं शहर वसवलं, आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ते घेतलं. मुलांना सेबास्टियन बुरुजाकडे न्या. झाडोरा असतो, वाट स्थानिकांना विचारा. सरळ चढून हा तट घेणं शक्य नव्हतं, म्हणून मराठ्यांनी जमिनीखालून भुयारं खणून बुरुजाखाली सुरुंग ठासले. खाली पाणथळ जमीन, वरून गोळ्यांचा वर्षाव, आणि माणसं खणताहेत. हे त्या बुरुजाशी उभं राहून सांगितलं की अंगावर काटा येतो, माझ्याही येतो. किती माणसं तिथे गेली हे मुलांपासून लपवू नका. आणि शरण आलेल्या पोर्तुगीजांना आपलं सामानसुमान घेऊन जाऊ दिलं, तेही सांगा. इथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. त्यांतली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, आजीकडे नाशिकला जाणाऱ्या मुलांनी ती जरूर बघावी.

चिमाजी अप्पांचं स्मारक, नागेश्वर आणि वज्रेश्वरीची देवळं, चर्चच्या छप्पर नसलेल्या कमानी, दर्या दरवाजा, आणि त्यापलीकडे किल्लाबंदरचा कोळीवाडा, एवढं बघून पाय बोलायला लागतात. पडक्या मनोऱ्यांच्या जिन्यांवर मुलांना चढू देऊ नका, कुणी वरून हाका मारत असलं तरी. भिंतींवर नावं कोरलेली दिसतील. तिथे थांबून मुलांना विचारा की हे बघून कसं वाटतं. आमचा निनाद प्रत्येक नाव वाचून रागवत होता.

डबा सावलीत बसून खा, कचरा पिशवीत भरून परत आणा. बाजारात सुकेळी मिळाली तर घ्या, वसईच्या केळ्यांची ही वाळवलेली गोडी मुलांना आवडते आणि गाडीत खायला सोपी. दुपारी दोनच्या आसपास वसई रोडला पोचलात तर चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीत बसायला मिळतं. मुलं वसईनंतरचं नायगाव स्टेशन येईपर्यंत झोपी जातात, म्हणून दादरला उतरायच्या आधी मीरा रोडपासूनच बाटल्या, टोप्या आणि वह्या मोजून पिशवीत भरायला घ्या.